पश्चिमवेशीच्या सतरा जणांची हकीकत

श्री. जो सर्वांस पाहतो आणि चुगली करीत नाही, त्या परमेश्वरास दंडवत घालोन लिहितो ऐसे जे, शके १९३८ दुर्मुखनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, दिवाणजींनी महाराजांचे कानी घातले जे, परमुलखातून नेत्रयंत्रे आणवावी, हाटात पाणोठ्यावर बसवावी, म्हणजे रयतेचे तोंड पाहोन कोण कोठे कोणासंगे गेला हे बसल्या जागी कळेल. महाराज म्हणाले, रयतेस पुसल्यावाचून करणे नव्हे. मग दवंडी फिरली जे, ज्यास यंत्र मान्य त्याने पूर्ववेशीने जावे, अमान्य त्याने पश्चिमवेशीने, आणि दोहों वेशींवर यंत्रच मोजदाद करील. आणि मान्य जाहलिया एका माणसास एकच तोंड, दुसरे करील तो हद्दपार.

रयत घरात बहुत कुरकुरली. कोंडाबाई तेलीण जावेस म्हणाली, “मी म्हायेरी गेले का दवाखान्यात, ह्या मेल्या डोळ्याला कशाला पायजे? पण जाईन पूर्वेनंच. पश्चिमेला मी एकलीच दिसले तर?” ऐसेच घरोघरी बोलणे जाहले आणि अवघी रयत पूर्ववेशीने हसतमुख गेली.

नगरात भिवा रायरंद नामे बहुरूपी होता. त्याचे पोट सोंगावर; एकच तोंड ठेवावे तर उपास, दुसरे करावे तर हद्दपारी. तो जोगीण होऊन पश्चिमवेशीने गेला, मग वळसा घालोन वाणी होऊन गेला, मग गोसावी, मग पोटुशी बाई, ऐसा सांजपर्यंत सतरा वेळ गेला, आणि यंत्राने सतरा माणसे मोजिली. दिवाणजी संतापले. घरोघर झडती घेतली, एकही सापडेना. यंत्र चुकले म्हणावे, तर आणविले कोणी? मग सतराही जणांचे वर्णन करोन दवंडी पिटविली जे, हे राजद्रोही दिसतील तेथे धरावे.

ते ऐकोन कोंडाबाई म्हणाली, “म्हंजे सतरा जण हायेत की,” आणि पदर खोचोन पश्चिमवेशीने निघाली, आणि मागे तेलीआळी, आणि मग कुंभारवाडा, आणि मग सगळे नगर. पूर्ववेशीस पहारेकरी तेवढा उरला, तोही तंबाखूचे निमित्त करोन तिकडेच गेला. महाराजांनी यंत्रे उतरविली.

एवंच, भिवाचे पोट वाचले. दिवाणजी अद्याप त्या सतरा जणांच्या मागावर आहेत. दर संक्रांतीस एक मिशाळ जमादार त्यांचे दारी येतो, “सरकार, माग लागलाच समजा,” ऐसे अदबीने सांगतो आणि शेला-पागोटे घेऊन जातो. त्या जमादारास सगळे नगर ओळखते. कोणी सांगत नाही, आम्हीही सांगितले नाही.