शेकायला बसलेलं धुकं

आमच्या घाटातलं धुकं मोटारींच्या पिवळ्या दिव्यांसमोर शेकायला बसतं आणि ऊब मिळाली की वाट देतं, एवढं मला नक्की आठवतं. त्या सकाळी मी डावा दिवा बदलला की उजवा, याची मात्र मला बरीच वर्षं खात्री देता येत नव्हती.

आठवड्यापूर्वीच मी बंपरमधले धुक्याचे हॅलोजन बल्ब काढून एलईडी बसवले होते. तेहतीस वर्षं प्रकाशशास्त्र शिकवलेल्या माणसाने नव्या बल्बचा उजेड तपासला, झळ तपासली नाही. चूक माझीच.

दुसऱ्या वळणावर धुकं बसलेलं होतं. मी दिवे लावले. ते जवळ सरकलं, जरा वेळ थांबलं आणि रस्त्यावर आडवंच झालं. चौकीतून सावळाराम नार्वेकर आला. धुक्याची देखरेख त्याच्याकडे असे. त्याने दिव्यापुढे तळहात धरला.

"सर, हे थंड आहेत."

"पण उजेड दुप्पट आहे."

"उजेडाचं ते काय करणार? त्याला काय पेपर वाचायचाय?"

इंदू, माझी बायको, गाडीतून म्हणाली, "अहो, अकराला ऑपरेशन आहे माझं."

काचबिंदूने तिचा एक डोळा आधीच गेला होता. उरलेल्यासाठी चार महिने थांबल्यावर ही तारीख मिळाली होती, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी परदेशी जाणार होते.

"धुक्याला विनंती करता येईल का?" मी विचारलं.

"विनंती गाडीनं करायची असते, सर. माणसाची चालत नाही." त्याने वहीत 'ऊब अपुरी' असं लिहून मला सही करायला लावली. "मागून एसटी येईल. तिचे दिवे गरम आहेत."

"केव्हा?"

"साडेअकराला."

जुने बल्ब मला टाकवले नव्हते. रुमालात बांधून डिकीत ठेवले होते. त्यावरून इंदूने मला आठवडाभर ऐकवलं होतं. आता तीच उतरली आणि चाचपडत डिकीपर्यंत गेली.

पहिला बल्ब माझ्या हातून पडून फुटला.

"राहू दे," ती म्हणाली. "एक आहे ना?"

मी ओल्या डांबरावर आडवा झालो. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, म्हणून तिने तो पदरात धरून माझ्याकडे दिला. एकच दिवा पिवळा लागला. सगळं धुकं त्याच्यासमोर मावेना, तेव्हा ते आळीपाळीने शेकलं. वीस मिनिटं गेली. मग त्याने अर्धा रस्ता मोकळा केला.

"एका दिव्याला अर्धाच," सावळाराम म्हणाला. "कडा सांभाळा."

आम्ही अकराला पाच कमी असताना पोचलो. डोळा वाचला.

घरी परतताना मी सहज म्हणालो, डावा दिवा बदलला ते बरं झालं.

"उजवा," इंदू म्हणाली.

"तुला काय दिसलं असणार?"

हे मी बोलायला नको होतं. पुढची नऊ वर्षं ती त्या डोळ्याने पेपर वाचायची, गहू निवडायची आणि अधूनमधून नुसतं "उजवा" म्हणायची. मी डाव्यावर ठाम राहिलो, पण दर वेळी थोडा कमी.

गेल्या वर्षी गाडी मोडीत काढली. इंदूला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गॅरेजवाल्याला मी दोन्ही बल्ब माझ्यासमोर काढायला सांगितले. हॅलोजन उजव्या बाजूचा होता.