मागच्या सीटवरचा बॉम्ब

मेश्रामकाका श्रीखंडाच्या पातेल्याला सीटबेल्ट लावतात. डिकीत ठेवा म्हटलं तर डोळे वटारतात. "पहिल्या अणुबॉम्बचा गाभा मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवून नेला त्यांनी. अन् तू श्रीखंड डिकीत टाकून राहिली?"

काका आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, इथे ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. महायुद्धातली अणुबॉम्बची शर्यत हा त्यांचा एकमेव विषय. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणाला कोणी नारळ हातात घेतला की काका उठलेच. "हे पाहा, गाभ्याचा गोळा असा चहूबाजूंनी एकदम दाबायचा होता. एक बाजू मागे राहिली, की बॉम्ब फुस्स!" मुलं "नॉट अगेन, काका!" म्हणत पळतात. मोठ्यांना पळता येत नाही.

पीएचडी करणाऱ्या एका पुण्याच्या मुलानं एकदा शंका काढली, "काका, पण जर्मन तर बरेच मागे होते ना?"

"हे तुला आज माहीत आहे ना बाप्पा! त्यांना तेव्हा कोण सांगणार होतं? जर्मन पुढे गेले असतील, या धास्तीनंच पळत होते सगळे!"

पोराचं जेवण थंड झालं. काकांचं बोलणं नाही.

काकू कॅन्सरनं गेल्या, त्यानंतर हे वेड फारच वाढलं. कुणी काकूंची आठवण काढली, की काका क्षणात, बॉम्ब बनवला त्या लॉस अलामॉसला पोचायचे.

पहिली चाचणी झाली ती न्यू मेक्सिकोतली जागा लोकांना क्वचितच उघडी करतात. यंदा काकांनी मला ड्रायव्हर म्हणून धरलं. आदल्या दिवशी निघालो. वाटेत अख्खी शर्यत दोनदा ऐकली.

फाटकापाशी गाड्यांची रांग होती. रस्त्याकडेला एक म्हातारी बाई खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर एका तरुणीचा फोटो. काकांनी काच खाली केली आणि मोठ्या हौसेनं विचारलं, "इथल्या शास्त्रज्ञांपैकी कोणी का?"

"माझी बहीण," ती म्हणाली. "आमचं घर इथून जवळच. स्फोटानंतर छपरावर राख पडली. छपराचंच पाणी आम्ही प्यायचो. घरच्यांना कोणी काही सांगितलंच नाही."

"काय झालं होतं तिला?"

"कॅन्सर."

काका गाडीतून उतरले. मी गाडी कडेला घेतली. ते तिच्याशेजारी मातीतच बसले, पँटची इस्त्री न बघता. मग मला ऐकू आलं, "माय वाइफ ऑल्सो." बाईनं त्यांचा हात धरला. बराच वेळ दोघं तसेच बसून होते.

फाटक बंद व्हायची वेळ झाली. मी म्हटलं, "काका, आत जायचंय ना?"

"राहू दे."

परतताना ते गप्प होते. मला भीतीच वाटायला लागली. मग आपणहूनच बोलले.

"शेवटी हिला फक्त ताक चालायचं. मी रोज घुसळायचो. मला कुठं येते ते? फुटून जायचं, पाणचट व्हायचं. अन् ही म्हणायची, आज मस्त जमलं."

न्यू मेक्सिको संपून ॲरिझोना लागलं, तरी काका काकूंबद्दलच बोलत होते.