वरच्या मजल्याचा ठोका

“तुम्ही एकदा निवृत्त व्हा हो, मग आपण अशा शहरात घर घेऊ, की संध्याकाळी नुसती चप्पल पायात सरकवली की नाटकाला पोचलो!”

कुठल्याशा आडगावातल्या सरकारी खोलीत, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली होती. मोजणीसाहेब तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या जमिनीचा नकाशा काढत होते. ते नुसतं “हं” म्हणाले. पुढे बायको गेली. ‘हं’ तेवढा मागे राहिला.

त्या ‘हं’ला जागायचं म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर घर घेतलं. जुन्या शहरात, तटाच्या आत, एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. खिडकीत घड्याळाचा मनोरा, गल्लीच्या तोंडाशी नाट्यगृह, वळणावर ग्रंथालय. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. त्यांनी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, जिन्याच्या पायऱ्यांची उंचीसुद्धा मोजली. शेवटी दलाल म्हणाला, “साहेब, आता माझंही माप घेणार का?”

“खाली काय आहे?”

“एक हॉल आहे. बंदच असतो. ऐका बरं, येतोय काही आवाज?”

आवाज येत नव्हता, कारण दुपार होती. आणि त्या हॉलमध्ये तालमी करणारी नाटकमंडळी दुपारी आपापल्या नोकऱ्यांवर होती.

साहेब राहायला आले, आणि संध्याकाळी ती मंडळी परतली. जमीन लाकडी होती, फळीफळीत फट होती, आणि फटीफटीतून संसार वर येत होता. नाटक एका नवरा-बायकोचं होतं. रोज ठरल्या वेळी नवरा गरजे, “निघून जा या घरातून!” आणि मोजणीसाहेबांच्या हातातला चहा बशीत सांडे. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग काठी उचलली आणि जमिनीवर दोन ठोके दिले. ठक्. ठक्.

खालचा नवरा एकदम हळू आवाजात बोलू लागला.

“कसा वठणीवर आला!” ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. तो गरजे, हे ठोकत, तो नरमे. दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते एवढंच.

सुरुवातीला ते नाट्यगृहात गेले होते, नाही असं नाही. मैफलीलाही गेले. पण मध्यंतर झालं की लोक घोळक्याघोळक्यानं चहाकडे वळत, आणि हे भिंतीवरची ‘आग लागल्यास काय करावे’ ही सूचना वाचत उभे राहत. ती पाठ झाल्यावर त्यांनी जाणं सोडलं.

मुलीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तिचा फोन आला की हे सांगत, “आज गाणं होतं. काय रंगलं म्हणून सांगू! शेजारी नेहमीचे डॉक्टर होतेच.” असले कोणी डॉक्टर या जगात नव्हते. पण मुलगी बिचारी हसून म्हणे, “बरं झालं बाबा, तुमचं मन रमलं. मला केवढा घोर होता!” असं ऐकल्यावर पुढे बोलायचं ते काय?

एकदा तिचा फोन नेमका तालमीच्या वेळी आला.

“बाबा, कुठे आहात?”

“नाटकाला,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात खालून आलं, “निघून जा या घरातून!”

“अगंबाई, खरंच की! पण नाटक चालू असताना फोनवर काय बोलताय? लोक मारतील ना!”

“हळूच बोलतोय.”

आता नाट्यगृहात बसलेला माणूस काठी कशी ठोकणार? मोजणीसाहेबांनी हात आवरला. खाली सगळं गप्प झालं. मग जिना वाजला आणि दार वाजलं. फोन घाईनं बंद करून त्यांनी दार उघडलं. समोर एक घामेजलेली बाई.

“काका, मी खालच्या नाटकाची दिग्दर्शिका. तुम्ही आज ठोकलं नाहीत?”

“माफ करा हो. यापुढे कधी नाही ठोकणार.”

“अहो, असं नका करू! आमचा अख्खा प्रवेश त्यावर उभा आहे!”

झालं होतं असं, की ठोका ऐकून नवरा ओशाळतो आणि भांडण कुजबुजीवर येतं, हे मंडळींना इतकं आवडलं, की त्यांनी ते नाटकातच घेतलं होतं. आज ठोका न आल्यामुळे नवरा तोंड उघडं टाकून छताकडे बघत बसला होता.

“प्रयोग तर नाट्यगृहात आहे. तिथं कोण ठोकणार?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या दिवेवाल्याला सांगून बघितलं. तो ठोकतो तेव्हा खाट दुरुस्त करतोय असं वाटतं. तुमच्या ठोक्यात वैताग आहे काका. अस्सल. याल ना?”

कुणी कुठे बोलावल्याला फार काळ लोटला होता. ते “हं” म्हणणार होते. पण “येतो” म्हणाले.

तेवढ्यात मुलीचा निरोप आला. इतकं चांगलं नाटक आहे तर पुढच्या प्रयोगाला मीही येते. डॉक्टरांनाही भेटेन.

प्रयोगाच्या संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसली. “तुम्ही नाही बसत?” “मला आत काम असतं,” ते म्हणाले, आणि ते खरं असल्याचं त्यांनाच नवल वाटलं. “आणि डॉक्टर?” “ते ना... बाहेरगावी गेलेत.” मुलीनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नेपथ्यातल्या घरावर फळ्यांचा माळा बांधला होता. काळ्या पडद्याआड, गुडघे पोटाशी घेऊन, मोजणीसाहेब काठी धरून बसले. फटीतून खालचे दिवे दिसत, आणि दिव्यांपलीकडे मुलीचा चेहरा.

“निघून जा या घरातून!”

ठक्. ठक्. नवरा ओशाळला. प्रेक्षागृहात खसखस पिकली. आता बायकोचं वाक्य. पण बायको गप्प. वाक्य तिच्या डोक्यातून उडून गेलं होतं, आणि ती नुसतीच पदर पिळत होती. साहेबांना राहवेना. सगळं नाटक त्यांना पाठ होतं.

“जाईन हो, पण जाऊ कुठे?” ते माळ्यावरून कुजबुजले.

कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. हशा उसळला. बायको आणखीनच गांगरली. विंगेत दिग्दर्शिकेनं कपाळाला हात लावला. नवऱ्याचं काम करणारा गडी मुरलेला होता. प्रवेश वाचवायला त्यानं मान वर केली आणि पदरचं वाक्य टाकलं.

“काय हो वरचे! आमच्या घरात एवढं लक्ष घालता, तुमच्या स्वतःच्या घरी कोणी नाही का?”

पुन्हा हशा. मग लोक उत्तराची वाट पाहू लागले. या प्रश्नाला नाटकात उत्तर लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी फटीतून पाहिलं. सगळं नाट्यगृह हसत होतं, एक चेहरा सोडून.

“नाही,” ते म्हणाले. “कोणी नाही.”

लोक टाळ्या पिटू लागले. विंगेतून दिग्दर्शिका हातवारे करत होती, बास, बास. टाळ्या ओसरल्या. पहिल्या रांगेतली मुलगी केव्हाच उठून उभी राहिली होती आणि मागचे तिला “बसा हो, बसा” म्हणत होते. मोजणीसाहेबांनी काठी बाजूला ठेवली, काळा पडदा सारला आणि खाली वाकले.

“बाळा, मला करमत नाही गं इथे.”