कुंपणाला स्थळ आलं

आमच्या बागेच्या कुंपणाला यंदा शिमगा झाल्यावर स्थळ आलं. फाटकाचं. लोखंडी, निर्व्यसनी, सरकारी विश्रामगृहातून निवृत्त झालेलं. विश्रामगृह पाडलं तेव्हापासून ते वामन घागांच्या अंगणात एकटंच उभं होतं. घाग तिथले जुने चौकीदार, म्हणून मुलाकडची बाजू त्यांच्याकडे.

मला काही हे स्थळ नको होतं. कुंपण सासरी गेलं तर माझ्या वांग्यांचं काय? शेजारच्या गंगूच्या शेळ्या फळ्यांना नाकं लावून उभ्याच असतात. पण माझी सून सुगंधा म्हणाली, "आई, लग्नाचं कुंपण किती दिवस घरात ठेवायचं? लोक बोलतात."

"आता कोण करणार आहे त्याला? उन्हापावसानं पार करडं पडलंय."

"ते घासलं की निघतं," म्हणाली, आणि पदर खोचून लागलीच कामाला.

काथ्या घेतला, सोड्याचं पाणी घेतलं. फळीच्या रेषेरेषेनं घासत गेली. आडवं घासलं तर कुसं उभी राहतात आणि चेहरा जन्माचा बिघडतो, एवढं तिला कळतं. सांध्यांतलं शेवाळ खराट्याच्या काडीनं काढलं. कडक ऊन दिलं, मग हाताला फडकी गुंडाळून काजूच्या टरफलांचं तेल चोळलं. खालून गव्हाळ रंग निघाला. कोपऱ्यातल्या खांबाला मात्र वाळवी लागलेली. तो मुलाकडच्यांना दिसू दे, असं माझ्या मनात. सुगंधानं त्याच्यावर गोधडी वाळत घातली.

घाग टेंपोत फाटकाला घेऊनच आले. पोहे झाले.

"जरा वाकून उभं राहतं का?" घागांनी विचारलं.

"लाजतंय," सुगंधा म्हणाली.

मी उठले आणि गोधडी ओढली. "वाळवी आहे. मागाहून फसवलं म्हणू नका."

घागांनी फाटकाकडे बघितलं. फाटक किंचित करकरलं आणि म्हणालं, "माझ्याही बिजागऱ्यांत गंज आहे. मला पसंत आहे."

एवढं सरळ स्थळ मोडायचं कसं? कुंपणाला विचारलं, तर ते म्हणे, "तुम्ही ठरवाल ते." मग मी शेवटचं बोलले. "आमचं कुंपण परक्या दारी जायचं नाही. घरजावई हवा." म्हटलं, सरकारी माणूस आहे, अपमान वाटेल, जाईल उठून.

घाग म्हणाले, "न्या की. नाहीतरी याच्यापायी माझा टेंपो वळत नाही."

लग्न झालं. बागेच्या तोंडाशी जिथं आडवी फळी असायची, ती काढून जावईबापूंना उभं केलं. कुंपण जागचं हललं नाही, वांगी वाचली, मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई सताड उघडे. शेळ्या रांगेनं आत आल्या. कचेरीच्या वेळेत उघडं राहायची सवय आहे, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी आपले आपण मिटतात, तोवर शेळ्या जेवून गेलेल्या असतात.

"तू सांग की त्यांना," मी सुगंधाला म्हटलं.

"जावयाला मिटून घ्या म्हणायचं? आपल्यात रीत नाही."

कुंपणाला म्हटलं, तर ते हळूच म्हणालं, "ते माझं ऐकत नाहीत."

गंगू तेवढी खूश. "जावई मोठ्या मनाचा मिळाला हो, काकी," म्हणते.

मग अधिक महिना आला. जावयाला वाण द्यावंच लागतं. मी अनारसे केले आणि त्यांच्यासोबत एक कडी दिली, चांगली पितळेची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. तोंडानं सांगता येत नाही ते ताटातून द्यावं.

जावईबापूंनी कडी घेतली. उलटसुलट करून बघितली. चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"छान आहे," म्हणाले. "सणासुदीला घालीन."