आप्पांना ढकलायचं नाही

"मला ढकलायचं नाही," आप्पांनी अंथरुणावरून बजावलं. "इंजिनाच्या जोरावर वर जाईन. नाहीतर जाणारच नाही."

न जाण्याची सोय आप्पांच्या हातात राहिली नव्हती. डॉक्टरांनी ते आदल्याच दिवशी बाहेरच्या खोलीत, त्यांच्या मते हळू आवाजात, सांगितलं होतं. पण 'ढकलायचं नाही' म्हणजे काय, हे मुलाला बरोबर कळलं. आप्पांनी उभा जन्म नगरपालिकेची शववाहिका चालवली होती आणि ते निवृत्त झाल्यापासून तीच गाडी मुलगा चालवत होता. स्मशान टेकडीवर. शेवटचा चढ कच्चा आणि कायम ओला, कारण वरच्या पाण्याच्या टाकीची गळती कुठल्या खात्याची हे अजून ठरायचं होतं. गाडी ऑटोमॅटिक, पण ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चढावर ती हमखास रुतायची आणि मग नातेवाइकांना सांगावं लागायचं, "मंडळी, जरा हात लावा." रडून दमलेली माणसं चिखलात उतरून गाडी ढकलायची. एकदा ढकलताना एका पुतण्याचा पाय मोडला, तेव्हा मयताला कडेला ठेवून जिवंत माणसाला त्याच गाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. आप्पांना ते कधीच विसरता आलं नाही.

"तुम्हाला कोणी हात लावणार नाही," मुलगा म्हणाला. "शब्द देतो."

शब्द देऊन झाल्यावर तो बहिणीच्या नवऱ्याकडे गेला. घरात त्यांना सगळे जावईबापूच म्हणत. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि 'होणार नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. झालेलं कामही फारसं कोणी पाहिलं नव्हतं, पण तो भाग वेगळा.

"सोपं आहे, मेव्हणे," जावईबापू म्हणाले. "गिअरबॉक्सची शेपटी कापायची, तिथे दुसरी पेटी जोडायची. ती पेटी ताकद पुढेमागे वाटून देते. पुढच्या चाकांमध्ये एक धुरा टाकायचा. चारही चाकं ओढायला लागली की गाडी भिंतसुद्धा चढेल."

"आधी केलंय कधी?"

"ऑटोमॅटिकवर नाही केलं. पण ऑटोमॅटिकच आहे ना? अर्धं काम तीच करेल."

नगरपालिकेच्या साहेबांनी फार खळखळ केली नाही. "काय वाटेल ते करा," ते म्हणाले. "बिघडली तर तुमच्या डोक्यावर."

गाडी आप्पांच्या खिडकीखालीच उघडली. मधल्या काळात जे गेले ते फर्निचरवाल्याच्या टेम्पोतून, गाद्यांच्या जाहिरातीखाली झोपून गेले. इकडे एकातून एक निघत गेलं. नवी पेटी जोडल्यावर गिअरबॉक्स लांब झाला, म्हणून मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट कापून आखूड केला. पुढे धुरा मावेना, म्हणून गाडी उचलून घेतली. गाडी उचलल्यावर मयत ठेवायची फळी छातीइतकी वर गेली, म्हणून मागे पायरी जोडली. पायरी जोडल्यावर मागचं दार लागेना, म्हणून ते दोरीने बांधलं.

"अहो, त्यांना जरा डोळा लागू द्या," आई खिडकीतून म्हणाली.

"ठोकू दे त्यांना," आतून आप्पांचा आवाज आला. "आवाज आला की बरं वाटतं."

एकच अडचण उरली. नव्या पेटीचं तोंड डाव्या बाजूला होतं आणि भंगारातल्या जीपच्या धुऱ्यावरचा गोळा, जिथून ताकद चाकांत शिरते तो, उजव्या बाजूला. जावईबापूंनी धुऱ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "पालथा करून बसवू. गोळा आपोआप डावीकडे येतो. लोखंडाला काय कळतंय?" धुरा पालथा बसला. अगदी चपखल बसला, त्यामुळे पुढे कोणी विचारच केला नाही.

गाडी जॅकवर चढवून चाचणी घेतली. मुलगा पुढे उभा राहिला, जावईबापू मागे.

"पुढची फिरतायत का?"

"फिरतायत. मागची?"

"जोरात."

कोणत्या दिशेने, हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आप्पांना खिडकीतून चारही चाकं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच पाणी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी चढावर नेऊन बघायचं ठरलं होतं. त्या पहाटे आप्पा गेले.

मुलगा रडला नाही. त्याला अजून गाडी चालवायची होती.

आप्पांना ओळखत नव्हता असा माणूस नव्हता, त्यामुळे गाडीमागे बरीच गर्दी होती. आई, बहीण, साहेबसुद्धा पांढऱ्या सदऱ्यात. चढाच्या मध्यावर चाकं चिखलात घसरली, तशी सवयीने चारपाच जणांनी बाह्या सरसावल्या.

"कोणी हात लावायचा नाही," मुलाने खिडकीतून सांगितलं आणि पुढची चाकं जोडणारा नवा दांडा ओढला.

गाडी थरथरली. गुरगुरली. जागची मात्र हलली नाही. पुढच्या चाकांनी पुढे चिखल फेकला, मागच्यांनी मागे, आणि साहेब मागे होते.

जावईबापू गुडघ्यावर बसून खाली बघून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मेव्हणे," ते हळूच म्हणाले, "पालथा धुरा उलटा फिरतोय. मागची चाकं टेकडीवर निघालीत आणि पुढची घरी."

"आता?"

"आता ढकलू या. आप्पांना कुठे कळतंय."

"मला कळतंय ना," मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

मग गाडी पायथ्याशी उतरवून घेतली. जावईबापू चांगल्या कपड्यांनिशी तिच्याखाली शिरले. त्यांनी मागचा शाफ्ट सोडवला, तशी ताकद फक्त पुढच्या, उलट्या फिरणाऱ्या चाकांना उरली. पुढे जायचं तर मागचा गिअर, मागे जायचं तर पुढचा. मुलाने गाडी वळवून तोंड गावाकडे केलं, गिअर पुढचा टाकला, आणि शववाहिका पाठमोरी चढ चढू लागली. उतारामुळे सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं होतं. ती रुतली नाहीत. कोणाला हात लावावा लागला नाही.

फक्त एक गोष्ट झाली. इतकी वर्षं मुलगा मयत नेत होता, पण रडणारी माणसं नेहमी त्याच्या पाठीमागे असायची. तेवढ्यामुळेच ही नोकरी जमत होती. आज ती सगळी काचेसमोर होती. आई त्याच्याकडे बघत चालत होती. तोही तिच्याकडे बघत होता, आणि मग त्याला समोरचं काही दिसेना. गाडी वाटेच्या कडेने आपली आपण वर गेली.

वर पोचल्यावर आई म्हणाली, "त्यांना उलटं बसलं की मळमळायचं."

"आता नाही होणार, आई," जावईबापू म्हणाले.

"माहितीये मला," आई म्हणाली.

पुढे जावईबापूंनी डाव्या बाजूला गोळा असलेला धुरा शोधून आणला आणि सरळ बसवला. शाफ्ट जोडला. चारही चाकं एकाच दिशेला फिरतात हे या वेळी दोघांनी एकाच बाजूला उभं राहून पाहिलं. गाडी आता सरळ तोंडाने कुठलाही चढ चढू शकत होती. त्याच आठवड्यात एक बाई दारात आली.

"आमच्या ह्यांनाही तसंच न्याल का?" तिने विचारलं. "आप्पांना नेलंत तसं. शेवटपर्यंत गावाकडे तोंड करून. फार बरं वाटलं हो बघून."

ती चूक होती, हे सांगायला मुलाने तोंड उघडलं. बाई उभी होती, काल रात्रीपासून न झोपलेली.

"नेऊ," तो म्हणाला.

तेव्हापासून सगळ्यांनाच तसं हवं असतं. एवढ्या खटाटोपाने बनवलेली ती गाडी त्या चढावर एकदाही सरळ गेलेली नाही. पायथ्याशी मुलगा ती वळवतो आणि समोरून चालत येणाऱ्या परक्या माणसांकडे बघत, पाठमोरा, वर जातो. परवा वर पोचल्यावर मयताच्या भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची चांगली ओळख होती वाटतं यांच्याशी?"

"नाही," मुलगा डोळे पुसत म्हणाला. "यांना कधी पाहिलंही नव्हतं."