प्रकृतीच्या कारणास्तव बार

घरात बार बांधण्याचा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला, याची नोंद सुरुवातीलाच व्हावी. त्या दिवसापर्यंत माझे आयुष्यातले एकूण मद्यसेवन चारशे दहा मिलिलिटर होते, तेही बिअरचे. उरलेली बाटली मी प्रितमच्या मनीप्लांटमध्ये ओतली होती. मनीप्लांट अजून तरारलेला आहे.

प्रितम माझा कॉलेजचा मित्र. नागपुरात त्याच्या फ्लॅटच्या एका कोपऱ्यात बार आहे, आणि त्या काउंटरवर कोपर टेकवून उभा असलेला कोणताही माणूस काहीतरी विचार करत असल्यासारखा दिसतो. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि एका राइस मिलमध्ये तांदळाची आर्द्रता मोजतो. विचार करत असल्यासारखे दिसण्याची सोय मला कुठेच नव्हती.

शिवाय माझे लग्न ठरत आले होते. पवनीची खुशबू कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दुसऱ्या भेटीत मी तिला बारचा आराखडा दाखवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सिंक कुठे आहे?"

मी सिंक विसरलो होतो. लग्न करायचे तर हिच्याशीच, हे मला तेव्हा कळले.

करडी गावातल्या आमच्या घरी पूर्वी धानाची कोठी असलेली एक खोली रिकामी होती. साडेनऊ फूट बाय आठ फूट. काउंटरची उंची ठरवण्यासाठी मी घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाच पुरुषांची कोपरे जमिनीपासून मोजली. सरासरी बेचाळीस इंच आली. हे काय चालले आहे, असे बाबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "अभ्यासिका बनवतोय." उंच स्टुलावर बसल्यावर पाय टेकवायला खाली पितळी दांडा हवा होता. तो भंडाऱ्याच्या एका कारागिराकडे टाकला. त्याने आदराने विचारले, "कोणत्या मंदिराचा हाय?"

"घरचाच आहे," मी म्हणालो. त्याने दांडा आणखी दोनदा घासून दिला.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. मग मी नियम वाचले.

दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, असे नियमात होते. मी ही माहिती नत्थूकाकांना दिली. नत्थूकाका बाबांचे धाकटे भाऊ, वय चौसष्ट. गेली चाळीस वर्षे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून, नियमाने मोहाची घेतात आणि अजून धानाचे पोते एकटे उचलतात.

"पेवाले परवाना?" काका म्हणाले. मग थोडा विचार करून, "अन् न पेवाले कोणता लागते?"

मी अर्ज केला. परवाना कशासाठी हवा, याचे उत्तर आधीच छापलेले होते: प्रकृतीचे रक्षण व जतन. हौस, कुतूहल किंवा प्रितमसारखे दिसणे हे पर्याय उपलब्ध नव्हते. मुदत एक वर्षाची किंवा आजीवन. दरवर्षीचा हेलपाटा वाचावा म्हणून मी आजीवन निवडली. बाटल्यांची मर्यादा बारा असल्याचा अर्थ मी नियमांतून काढला आणि भिंतीवरच्या मांडणीला बरोबर बारा खाने ठेवले. माझ्याइतका कायदेशीर बार तालुक्यात दुसरा झाला नसता. परवान्याची छापील प्रत लॅमिनेट करून मी दर्शनी भिंतीवर लावायला ठेवली.

ती आधी आईच्या हाती लागली. आईने, म्हणजे सुशीलाबाईंनी, चष्मा लावून एकेक शब्द वाचला.

"आजीवन," ती म्हणाली आणि तिथल्याच पोत्यावर बसली. "बाप्पा. आजीवन."

"कोणता रोग हाय?" बाबांनी विचारले.

"कोणताच नाही."

"मंग हे कायले लिवलं?"

"तसंच लिहावं लागतं."

"म्हंजे सरकारले खोटं सांगतलं?"

माझ्यापुढे दोनच पर्याय होते. एक, मी शासनाची दिशाभूल केली आहे. दोन, मला आजार आहे. पहिल्यात शिक्षा असते, दुसऱ्यात सहानुभूती. कोणताही सुशिक्षित नागरिक करील तेच मी केले.

"थोडी अशक्तता आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सत्यवतीकाकू बेलाचा मुरंबा घेऊन आल्या. त्यानंतर दोन दिवस लोक येत राहिले, आणि निघताना प्रत्येकाने माझ्या मनगटाकडे पाहिले. कैलाश सुतार काउंटर ठोकत होता. तो पायातल्या चपला बाहेर काढून आत आला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"भाऊ, आजारी माणसाले येवढ्या उंचावर बसवाचं? चक्कर आली तं?"

काउंटर तीस इंचांवर आला. स्टुलांना आधी पाठ लागली, मग हात लागले, मग एका स्टुलाच्या जागी खाट आली. पितळी दांडा पायाखालून निघून भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर बसला, धरून उठायला. मी सत्तावीसशे केल्व्हिनचे मंद पिवळे दिवे निवडले होते. "या उजेडात पोट्ट्याले कावीळ झाल्यासारखी दिसते," आई म्हणाली आणि ट्यूबलाइट लागली. बारा खान्यांत बारा काढे आले. आराखड्यातले फक्त खुशबूने सुचवलेले सिंक टिकले. ओकारीसाठी ते हवेच, यावर सर्वांचे एकमत होते.

बातमी वैनगंगेच्या काठाने पवनीला पोहोचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी खुशबूचे वडील राजकुमारजी आले. पवनीत त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे, त्यामुळे आधी त्यांनी दांडा ठोकून पाहिला.

"पोरीनं बार म्हनलं होतं," ते म्हणाले. "हा तं वॉर्ड हाय."

"मी आजारी नाही, मामाजी."

"आमच्या खानदानात पेनारे सतरा हायेत. मले धरून. पन रोगी एकही नाही. पेनारा जावई चालते, रोगी नाही चालत. धडधाकट असल्याचा कागद आन. आठ दिवस देतो."

संध्याकाळी खुशबूचा फोन आला.

"तू आजारी असलास तरी मला चालेल," ती म्हणाली. "नसलास तरी चालेल. पण सगळीकडे एकच सांग. एकाच नमुन्याचे दोन आकडे लिहिले तर तुझ्या मिलमध्ये काय करतात?"

"दोन्ही रद्द करतात."

"मग बघ."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती ऐकली, जीभ पाहिली. "ठणठणीत," ते म्हणाले आणि दाखला लिहायला घेतला. मी प्रामाणिकपणे परवाना पुढे केला. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

"आजीवन उपचार चालू असलेल्या माणसाला मी निरोगी कसं लिहू? आधी हे रद्द करून आणा."

मी उत्पादन शुल्क कार्यालयातल्या संबंधित खिडकीवर गेलो.

"रद्द करण्याचं कारण?"

"बरा झालो."

"बरं झाल्याचा दाखला जोडा."

"डॉक्टर म्हणतात, आधी परवाना रद्द करा."

"बरोबरच म्हणतात," खिडकीतले गृहस्थ म्हणाले. त्यांना माझ्याबद्दल खरोखर कळकळ होती. "असं करा, आजार काय होता तेवढं लिहून आणा."

"आजार नव्हताच."

त्यांनी मान वर केली. "मग अर्जदाराने असत्य माहिती दिली, असं नोंदवू?"

"नको."

"मग आजारीच राहा ना. तुमची मुदत कुठे संपून राहिली?"

आठव्या दिवशी राजकुमारजी परत आले. माझ्याकडे कागद नव्हता. मी दोन रात्री झोपलो नव्हतो, त्यामुळे आता खरोखर आजारी दिसत होतो. ते आईला काहीतरी सांगायला वळले, आणि ते काय सांगणार हे मला कळत होते. तेवढ्यात नत्थूकाका दारात आले.

"राजकुमारभाऊ, कागदाचं कायले घेऊन बसले? पोट्ट्याले माह्यासंगं पाळीवर येऊ द्या. आपल्यासारखा बिनापरवान्याचा पेला तं समजाचं, का धडधाकट हाय."

राजकुमारजींना हे शास्त्रशुद्ध वाटले.

भर दुपारी आम्ही तिघे तलावाच्या पाळीवर बसलो. काकांनी पाण्याच्या बाटलीतून तीन स्टीलच्या पेल्यांत ओतली. माझ्या अंदाजाने प्रत्येकी साठ मिलिलिटर.

"मामाजी," मी विचारले, "तुमच्याकडे परवाना आहे का?"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिले.

"मले काय धाड भरली?"

मी डोळे मिटले आणि घेतली. घशापासून पोटापर्यंतचा सगळा मार्ग मला आयुष्यात प्रथमच नीट समजला. खोकलो, डोळ्यांतून पाणी आले, कान तापले.

"पाहा, चेहऱ्यावर कशी लाली आली," राजकुमारजी काकांना म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पोट्टा ठीक हाय. तारीख काढा."

रात्री खुशबूने विचारले, "शेवटी काय सांगितलंस?"

"निरोगी."

"आणि परवाना?"

"तो आजीवन आहे."



"म्हणजे दोन आकडे."

"हो."

"दोन्ही लिहून ठेव," ती म्हणाली. "तारखेसह. मुलं विचारतील."

त्या 'मुलं'वर मी ती रात्रही जागून काढली.

लग्न झाले. तीस इंच ही खुर्चीवर बसून लिहायला अचूक उंची असल्याचे खुशबूच्या लक्षात आले. ती आता त्या काउंटरवर वह्या तपासते. मी सांगितलेली पहिली थाप, अभ्यासिकेची, तेवढी पूर्णपणे खरी ठरली. बाराव्या खान्यात तिचे लाल पेन असते.

दर्शनी भिंतीवर परवाना आहे. प्रितम आणि त्याचे मित्र आले की तो वाचतात, माझ्याकडे करुणेने पाहतात, सोबत आणलेली उघडतात आणि मला काढा देऊन म्हणतात, "तुझ्या प्रकृतीसाठी."

तुम्हीही कधी करडीला आलात तर या. बर्फ आहे, सिंक आहे. आत येण्यापूर्वी फक्त आपले पाकीट एकदा तपासून घ्या. आजवर इतकी वर्षे घेत आलात. त्यात परवाना सापडतो का पाहा. सापडला नाही ना? अभिनंदन. आपली प्रकृती उत्तम आहे. रोगी मी एकटाच.