कौसाकाकूच्या मिरचीचा मेनू

हाती घेतलेलं काम मी अर्ध्यात सोडत नाही, हे अख्ख्या रनाळ्याला माहीत आहे. माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. फावल्या वेळात व्हिडिओ बघून बघून मी वेबसाइट करायलाही शिकलो. त्यामुळे कौसाकाकूने तिच्या मिरचीसाठी वेबसाइट करशील का म्हणून विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "काकू, वेबसाइट तं कोनी बी करी. मी मेनू असा करसू का लोके मिरची भुली जातीन!"

हे वाक्य लक्षात ठेवा. काकूने ठेवलं होतं.

कौसाकाकू म्हणजे माझी सख्खी चुलती. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या पथारीवर, म्हणजे मिरची सुकवायच्या मैदानावर, रोजाने राबली. यंदा तिने सात बाया गोळा केल्या आणि नंदुरबारच्या रस्त्याला स्वतःची पथारी भाड्याने घेतली. सुकवणं, देठ खुडणं, दळणं, सगळं त्यांचं. आता सुरतच्या एका फरसाणवाल्याची, भाग्येशभाईंची, वर्षभराची ऑर्डर मिळायची शक्यता होती. ती मिळाली तर पथारी टिकणार, नाही तर आठही जणी पुन्हा रोजाने जाणार. भाग्येशभाईंची अट एकच होती. मधला माणूस नको. सोमवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर काकूनेच आपल्या मोबाईलवर वेबसाइट उघडून दर आणि मिरचीच्या तपासणीचा अहवाल दाखवायचा.

आणि या दोन्ही गोष्टी मी मेनूत ठेवल्या होत्या.

मेनू मात्र देखणा होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. त्या दाबल्या की डावीकडून लाल पडदा सरकत यायचा, त्यावर एकेक नाव वरून उतरायचं आणि शेवटी एक मिरची डुलायची. पुन्हा दाबलं की पडदा परत जायचा. जावास्क्रिप्टच्या सत्तर ओळी लिहिल्या होत्या त्यासाठी!

शुक्रवारी काकूचा फोन आला. म्हणाली, "हेमकांत, तुन्हा मेनू डोकाई पाहास आनि पळी जास. लाजस का तो?"

मी हसलो. माझ्या मोबाईलवर बघितलं, मेनू झकास चालत होता. तिला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. मेनू पुन्हा डोकावून पळाला. मग मी पडद्याचा वेग कमी केला, तर तो सावकाश डोकावून सावकाश पळायला लागला. वेग वाढवला, तर काकू म्हणाली, आता नुसती वीज चमकल्यासारखं होतं. माझं डोकं तापलं, पण माघार घेईन तर मी कसला हेमकांत!

शनिवारी मी बटण दाबलं गेलं की गुपचूप नोंद होईल अशी एक ओळ घातली आणि काकूला म्हणालो, आता एकदाच दाब. तिने दाबलं. नोंदी दोन आल्या! एकदा उघड, एकदा बंद. हा प्रकार पुस्तकातलाच आहे. बटणाला एकच काम चुकून दोनदा जोडलं की असं होतं. मी सत्तरच्या सत्तर ओळी विंचरल्या. काम एकदाच जोडलेलं होतं. तरी संशय नको म्हणून तेही काढून टाकलं, तेव्हा मेनू डोकावायचाही बंद झाला, म्हणून ते परत जोडलं.

रविवारी काकूचा मोबाईलच दुकानात मागवला. त्यावर लाल धुळीचा थर होता, तो फडक्याने स्वच्छ पुसला आणि बटण दाबलं. मेनू उघडला! पन्नास वेळा दाबलं, पन्नास वेळा बरोबर. मोबाईल विजयी मुद्रेने परत पाठवला. तासाभरात काकूचा निरोप आला की मेनू पुन्हा पळाला. बायांमधली तापीबाई तर म्हणाली म्हणे, की पोरगा चांगला आहे, पण त्याला मेनू येत नाही. हे मला फार लागलं.

सोमवारी दहा वाजता मी लॅपटॉप घेऊन थेट पथारीवर गेलो. चहूकडे लाल गालिचा अंथरलेला, आणि आठही जणी तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या. मी खाटेवर ठाण मांडलं आणि काकूला म्हणालो, माझ्यासमोर दाब.

काकूने मधलं बोट मुडपलं आणि त्याच्या उलट्या पेराने, दार वाजवावं तसं, मोबाईलवर वाजवलं. टक् टक्.

मी ओरडलोच, "काकू, दोनदा कसाले? आनि बोटनं पेर कसाले?"

"मिरचीना हात शेतस, भाऊ. सरळ बोट लावं का तेच बोट मंग डोयाले लागस. आनि एकदा ठोकीसन कोन दार उघडस?"

मग मी नीट बघितलं. नळ कोपराने उघडायचा, डब्याचं झाकण मनगटाने सारायचं, मोबाईल पेराने वाजवायचा. आठही जणींचं तेच. तीन दिवस मी ओळी तपासत होतो आणि गोम बोटात होती. पावणेअकरा वाजले होते. पडदा सरकत असताना दुसरी टकटक ऐकायचीच नाही, एवढी एक ओळ मी घातली. काकूने वाजवलं, टक् टक्. पडदा आला, नावं उतरली, मिरची डुलली, मेनू जागेवर थांबला! मला राहवलं नाही. मोबाईल तिच्या हातातून घेतला, माझ्या सरळ बोटाने दहा वेळा दाबून बघितला आणि समाधानाने डोळ्यांवरचा घाम पुसला.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत.

लॅपटॉपवर भाग्येशभाईंचा कॉल आला तेव्हा कॅमेऱ्यासमोर मी होतो. डोळे टोमॅटोसारखे, नाकाला धार, आणि काकू माझ्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतत होती. भाग्येशभाई घाबरले. घरात काही वाईट झालं असेल तर नंतर बोलू, म्हणाले. आठ जणींची पथारी माझ्या दोन डोळ्यांपायी जाणार, असं वाटून मला खरोखरच रडू आलं.

काकूने मला बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली, "काही नही व्हयनं, शेठ. त्यानी मिरचीले हात बी नही लावा. फक्त मन्हा मोबाईलले लावा."

भाग्येशभाई इतके हसले की त्यांचा कॅमेरा हलायला लागला. नमुन्याची दोन पोती त्यांनी तिथेच सांगितली, आणि पंधरा दिवसांनी वर्षभराची ऑर्डर पक्की केली. दर त्यांनी काकूला तोंडीच विचारला आणि अहवाल पोत्यांसोबत कागदावर मागवला. मेनू उघडायचा विषयच निघाला नाही.

आता वेबसाइटच्या पहिल्याच पानावर माझा रडका फोटो आहे. तापीबाईने तो त्याच वेळी काढून ठेवला होता. त्याखाली काकूचं कॉलवरचं वाक्य आणि तिचा फोन नंबर. लोक फोटो बघतात आणि सरळ फोन लावतात. परवा काकू म्हणाली, "हेमकांत, लोके तं मेनूच भुली गयात. काढी टाक तो. उगाच मधमा येस."

मी ठाम नकार दिला. तीन महिन्यांत मेनू एकवीस वेळा उघडला गेला आहे, तशी नोंदच आहे माझ्याकडे. त्यातल्या एकोणीस वेळा मी. उरलेल्या दोन वेळा कोण आलं होतं, त्याचा शोध चालू आहे.